शिक्षा झाली म्हणजे नेमकी किती झाली? कोर्टाची ऑर्डर अशी वाचा

निकाल लागला की घरचे पहिला प्रश्न विचारतात, किती वर्षं? आणि त्याचं जे उत्तर गावभर फिरतं ते बऱ्याचदा चुकीचं असतं. मी एका फौजदारी वकिलांकडे काही वर्षं काम केलं, तिथे एक बाई रडत आल्या होत्या, मुलाला सहा वर्षं झाली म्हणून. मी निकालाचं शेवटचं पान वाचलं तर तीन कलमांखाली दोन-दोन वर्षं होती आणि खाली एक ओळ, 'सर्व शिक्षा एकत्रित भोगावयाच्या आहेत'. म्हणजे तिन्ही शिक्षा एकाच वेळी चालणार, एकूण दोनच वर्षं, आणि त्यातलं जवळपास दीड वर्ष पोरगा आधीच आत काढून बसलेला. ती ओळ त्यांना कुणी वाचूनच दाखवली नव्हती. तर हे सगळं त्या एका ओळीसाठी लिहितोय असं समजा, बाकीचं ओघाने येईल.

सुरुवात शेवटच्या पानापासून करायची. निकालपत्र चाळीस पानांचं असलं तरी साक्षीदार काय म्हणाला, पंचनामा कसा झाला हे आत्ता सोडून द्या, शेवटी 'आदेश' असं शीर्षक असतं त्याखालचे आकडे घातलेले मुद्दे वाचा. शिक्षा तिथेच असते. आणि तिथे पहिल्यांदा बघायचं कायदा कुठला लावलाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण गुन्हा त्या तारखेच्या आधी घडला असेल तर केस जुन्या आयपीसीखालीच, म्हणजे भारतीय दंड संहितेखालीच चालते, निकाल आज लागला तरी. निकालाची तारीख इथे बघायचीच नाही, गुन्ह्याची बघायची. राज्यघटनेचं कलम २० सांगतं की गुन्हा केला त्या वेळी कायद्यात जी शिक्षा होती त्याच्यापेक्षा जास्त देता येत नाही, त्यामुळे नवीन कायद्यात शिक्षा वाढली म्हणून घाबरलेले लोक मला भेटतात त्यांना मी आधी एफआयआरवरची गुन्हा घडल्याची तारीख विचारतो.

मग कलमाची भाषा. इथे दोन-तीन शब्दांवर सगळा खेळ आहे. 'तीन वर्षांपर्यंत' असं असेल तर तीन ही वरची मर्यादा, कोर्ट एक महिनासुद्धा देऊ शकतं. 'दहा वर्षांपेक्षा कमी नाही' असं असेल तर दहा ही खालची मर्यादा आणि न्यायाधीशांना दया आली तरी ट्रायल कोर्ट त्याच्या खाली जाऊ शकत नाही, न्याय संहितेतलं बलात्काराचं कलम ६४ तसंच आहे. 'किंवा दंड किंवा दोन्ही' म्हटलं असेल तर नुसत्या दंडावरही सुटका होऊ शकते, आणि 'दंडासही पात्र राहील' म्हटलं असेल तर कैद येणारच, दंड वरून. बातमीत 'आरोपीला सात वर्षांची शिक्षा होऊ शकते' असं छापून येतं ना, ते बहुतेक वेळा वरचं टोक असतं.

कोर्ट कुठलं हेही बघा, कारण प्रत्येकाचे हात बांधलेले असतात. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे आपलं जेएमएफसी कोर्ट, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि ५०,००० रुपये दंड देऊ शकतं. द्वितीय वर्गाचं कोर्ट एक वर्ष आणि १०,००० रुपये. मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. सेशन्स कोर्ट कायद्यात असलेली कुठलीही शिक्षा देऊ शकतं, फक्त फाशी दिली तर हायकोर्टाने ती कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही.

आता शिक्षेचे प्रकार. न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये सहा सांगितलेत: फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्त, दंड आणि सामुदायिक सेवा. शेवटचा नवीन आहे, आयपीसीत नव्हता.

कैदेत दोन जाती. सक्तमजुरी आणि साधी कैद. सक्तमजुरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दगड फोडणं येतं, पण हल्ली जेलमधलं काम म्हणजे सुतारकाम, हातमाग, शिवणकाम, बेकरी, शेती असं असतं आणि त्याचा थोडाफार पगारही मिळतो. साध्या कैदेत कामाची सक्ती नाही. एक गंमत सांगतो, बाहेरच्यांना साधी कैद बरी वाटते पण आत जाऊन आलेले सांगतात की काम नसलेला दिवस जास्त खायला उठतो, शिवाय काम करणाऱ्याला शिक्षेत माफी मिळते, म्हणजे काही दिवस कमी होतात, ती वेगळीच. आणि हो, सक्तमजुरीसोबत एकांतवास देण्याची तरतूद अजूनही कायद्यात आहे, एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही आणि एका वेळी १४ दिवसांपेक्षा जास्त नाही.

कैदेतलाच एक अगदी छोटा प्रकार म्हणजे कोर्ट उठेपर्यंत. आरोपी गुन्हा कबूल करतो, किरकोळ कलम असतं, मॅजिस्ट्रेट म्हणतात कोर्ट उठेपर्यंत शिक्षा आणि इतका दंड. मग माणूस संध्याकाळपर्यंत कोर्टरूममध्ये मागच्या बाकावर बसून राहतो आणि न्यायाधीश उठले की घरी जातो. दिसायला काहीच नाही, पण हीसुद्धा दोषी ठरून झालेलीच शिक्षा आहे, रेकॉर्डवर येते. 'चला एका दिवसात मिटलं' म्हणून कबुली देणाऱ्या नोकरीच्या वयातल्या पोरांनी हे आधी नीट समजून घ्या.

जन्मठेपेबद्दल मात्र जरा वेळ काढून बोलायला पाहिजे कारण 'जन्मठेप म्हणजे १४ वर्षं' हे इतकं पक्कं बसलंय की शिकलेले लोकही छातीठोकपणे सांगतात. नाहीये तसं. जन्मठेप म्हणजे आयुष्य संपेपर्यंत. १९६१ मध्ये गोपाळ गोडसेंच्या केसमध्ये हाच मुद्दा सुप्रीम कोर्टापुढे आला होता, त्यांचं म्हणणं होतं की मिळालेली माफी धरली तर माझी वीस वर्षं भरली, आता सोडा. कोर्टाने सांगितलं की जन्मठेप ही उरलेल्या सगळ्या आयुष्याची असते आणि सरकारने रीतसर उरलेली शिक्षा माफ केल्याशिवाय माणूस आपोआप सुटत नाही. मग हे वीस कुठून आले? तर कायद्यात एक कलम आहे की शिक्षेचा काही हिस्सा, समजा निम्मा किंवा पाव, काढायचा असेल तेव्हा हिशोबापुरती जन्मठेप २० वर्षं धरावी. फक्त हिशोबापुरती. आणि १४ कुठून आले? ज्या गुन्ह्यात फाशीही होऊ शकत होती त्यात जन्मठेप झाली, किंवा फाशीची जन्मठेप झाली, तर १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारलाही त्याला सोडता येत नाही, असं कलम ४७५ आहे नागरिक सुरक्षा संहितेचं (खटला कसा चालवायचा, शिक्षा कशी भोगायची याचा नवा कायदा). म्हणजे १४ हा किमान आकडा झाला, लोकांनी त्याला शेवटचा करून टाकलाय. १४ भरली की अर्ज विचारात घेतला जाऊ शकतो, सोडतीलच असं नाही. कच्चा कैदी म्हणून, म्हणजे निकाल लागण्याआधी, आत काढलेला काळ मात्र या १४ मध्ये धरतात.

त्यातही एक कडक जात आहे. काही कलमांत स्पष्ट लिहिलंय की 'जन्मठेप म्हणजे त्या व्यक्तीच्या उर्वरित नैसर्गिक आयुष्यभर', न्याय संहितेतलं सामूहिक बलात्काराचं कलम ७० घ्या. आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने असंही मान्य केलं की फाशी जास्त वाटते पण साधी जन्मठेप कमी वाटते तिथे हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट २०, २५, ३० वर्षं कुठलीही माफी न देता असं ठरवू शकतं. तेव्हा ऑर्डरमध्ये 'माफीशिवाय' हा शब्द आहे का बघा, तो असेल तर सगळं गणितच बदलतं.

(आजी-आजोबा काळ्या पाण्याची शिक्षा म्हणायचे ती हीच. अंदमानला पाठवायची जन्मठेप कायद्यातून १ जानेवारी १९५६ पासून गेली आणि तिच्या जागी जेलमधली जन्मठेप आली.)

फाशीबद्दल १९८० च्या बच्चनसिंग केसपासून 'दुर्मिळातील दुर्मिळ' ही कसोटी आहे, जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, अपवाद का केला त्याची खास कारणं न्यायाधीशांनी लिहावीच लागतात. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अजून सांगितलं की फाशीचा विचार करण्याआधी आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक अवस्था, जेलमधलं वागणं याचे रिपोर्ट मागवा. हायकोर्टाने कायम केली की सुप्रीम कोर्ट, मग राष्ट्रपती किंवा राज्यपालांकडे दयेचा अर्ज. दयेच्या अर्जावर विनाकारण वर्षानुवर्षं उशीर झाला तर तेवढ्यावरही फाशीची जन्मठेप होऊ शकते, २०१४ चा निकाल आहे. गुन्ह्याच्या वेळी वय १८ च्या आत असेल तर फाशी नाहीच, आणि बाई गरोदर निघाली तर हायकोर्ट तिची फाशी बदलून जन्मठेप करतं.

दंडाला लोक फार हलकं घेतात. 'दंड भरायचा नाही, दोन महिने जास्त बसतो' असं म्हणणारेही बघितलेत, पण त्याचा हिशोब कळला पाहिजे. ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं '५,००० रुपये दंड, दंड न भरल्यास दोन महिने साधी कैद'. ही जास्तीची कैद मूळ शिक्षेत मिसळत नाही, ती संपल्यावर वेगळी भोगायची, एकत्रितच्या ओळीचा तिला फायदा नाही. गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही असतील तर ही जास्तीची कैद त्या कलमातल्या सगळ्यात मोठ्या कैदेच्या पाव भागापेक्षा जास्त देता येत नाही. नुसत्या दंडाचा गुन्हा असेल तर ५,००० पर्यंत दोन महिने, १०,००० पर्यंत चार महिने, त्याच्या वर एक वर्ष. मध्येच पैसे भरले तर त्या प्रमाणात दिवस कमी होतात आणि सगळे भरले तर लगेच सुटका. नुसता दंड झाला असेल आणि पैसे लगेच नसतील तर कोर्टाला ३० दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते मागता येतात. मागितलेच नाहीत तर कोण देणार? कितीतरी लोक फक्त माहीत नसल्याने आत जातात.

मालमत्ता जप्त ही शिक्षा म्हणून क्वचितच येते, सरकारी माणसाने बेकायदा विकत घेतलेली मालमत्ता वगैरे, पुढे जाऊ.

सामुदायिक सेवा सध्या सहाच गुन्ह्यांना आहे. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, अब्रुनुकसानी, सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणं, फरारी जाहीर झाल्यावर हजर न होणं, सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न, आणि छोटी चोरी. चोरीचं कामाचं आहे: माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, की शिक्षा सामुदायिक सेवेचीच. काम कोणतं, किती तास, हे मात्र कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, समाजाच्या उपयोगाचं आणि बिनपगारी एवढंच, बाकी कोर्टावर. मला ही कल्पना आवडते पण हजेरी कोण घेणार, काम झालं नाही तर कोण कळवणार हे जागेवर नीट बसायला वेळ लागेल असं वाटतं.

शिक्षेच्या या सहा प्रकारांच्या बाहेर एक रस्ता आहे जो वकील विसरले तर आरोपीला कधीच कळत नाही, तो म्हणजे परिविक्षा, प्रोबेशन. १९५८ चा कायदा आहे. दोषी ठरवायचं पण जेलमध्ये न पाठवता ताकीद देऊन सोडायचं, किंवा चांगल्या वागणुकीच्या बाँडवर जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, पाहिजे तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात नाही मिळत, आणि जिथे कमीत कमी शिक्षा ठरवून दिलीये तिथेही बहुतेक वेळा हा दरवाजा बंदच समजा. आरोपी २१ च्या आतला असेल तर उलट आहे, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर अशा पोराला जेलमध्ये पाठवायचं असल्यास कोर्टाला कारण लिहावं लागतं. बाँड मोडला तर मात्र परत बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देतात. परिविक्षेवर सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही, पण नोकरीच्या फॉर्मवर 'कधी दोषी ठरलात का' असं विचारलं तर ते लपवू नका, लपवलं म्हणून नोकरी जाते.

हे मागायचं कधी, तर दोषी ठरवल्यानंतर आणि शिक्षा सांगण्याआधी. सेशन्स केसमध्ये 'शिक्षेच्या मुद्द्यावर' वेगळं ऐकून घ्यावंच लागतं. आरोपीला पुढे बोलावून विचारतात, काही सांगायचंय का, आणि बहुतेक जण 'दया करा साहेब' एवढंच म्हणतात. ती दोन मिनिटं वाया घालवू नका. वय, घरात कमावतं कोण, आजारपणाचे कागद, आधी एकही केस नाही, आत किती दिवस काढले, नुकसानभरपाई द्यायची तयारी आहे, हे सगळं कागदासकट वकिलाकडे आधीच देऊन ठेवा, निकालाच्या तारखेला धावपळ करून काही होत नाही.

आता गणित. समजा ऑर्डर अशी आहे: कलम ११८(१) (घातक हत्याराने दुखापत) खाली दोन वर्षं सक्तमजुरी, ५,००० दंड, न भरल्यास दोन महिने साधी कैद; कलम ३५१(२) (धमकी) खाली एक वर्ष सक्तमजुरी; शिक्षा एकत्रित; कोठडीतला काळ वजा. आरोपी खटल्याच्या वेळी चार महिने आत होता. एकत्रित म्हणजे एक वर्षवालं दोन वर्षांच्या पोटातच संपतं, राहिली दोन वर्षं, त्यातून चार महिने गेले, उरले २० महिने. दंड भरला तर २०, नाही भरला तर २२. हेच 'एकापाठोपाठ एक' असतं तर तीन वर्षं वजा चार महिने, म्हणजे ३२. बघा एका शब्दाने किती फरक पडला. जुन्या प्रक्रियेच्या कायद्यात कोर्टाने काहीच लिहिलं नाही तर शिक्षा एकापाठोपाठ धरायचे, नव्यात, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेत, कोर्टाने गुन्ह्याचं गांभीर्य बघून दोन्हीपैकी एक सांगायचंच आहे. ऑर्डरमध्ये तसं काही लिहिलेलं दिसत नसेल तर त्याच दिवशी वकिलाच्या लक्षात आणून द्या. आणि दोन वेगवेगळ्या केसमध्ये शिक्षा झाली असेल तर दुसरी पहिली संपल्यावर सुरू होते, दुसऱ्या कोर्टाने एकत्रित म्हटलं तरच एकत्र. दुसऱ्या कोर्टाला पहिली शिक्षा माहीतच नसते कधीकधी, सांगायला लागतं.

फिर्यादीच्या बाजूने असाल तर ऑर्डरमध्ये नुकसानभरपाईचा मुद्दा शोधा. दंडातून भरपाई देता येते, दंड नसेल तर वेगळीही देता येते, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की प्रत्येक केसमध्ये कोर्टाने याचा विचार करून कारण नोंदवलंच पाहिजे. आरोपी फाटका असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. भरपाई कमी वाटली, आरोपी सुटला किंवा हलक्या कलमात दोषी धरला तर पीडित स्वतः अपील करू शकतो. पण नुसती शिक्षा कमी वाटते म्हणून पीडिताला अपील नाही, ते सरकारने करायचं असतं, तेव्हा सरकारी वकिलांकडे लेखी द्या.

आरोपीकडून अपीलचं म्हणाल तर कैद झाली की निकालाची एक प्रत तिथल्या तिथे फुकट मिळते, मागून घ्या. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्समध्ये ३० दिवस, सेशन्सच्या निकालावर हायकोर्टात ६० दिवस, फाशी असेल तर ३० दिवस. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी आधीपासून बेलवर असेल तर ज्या कोर्टाने शिक्षा दिली तेच कोर्ट अपील करेपर्यंत बेल देऊ शकतं, त्यासाठी अर्ज त्याच दिवशी, न्यायाधीश खुर्चीत असेपर्यंत द्यावा लागतो. म्हणून निकालाच्या तारखेला जामीनदार, त्याची कागदपत्रं आणि दंडाचे पैसे सोबत घेऊनच कोर्टात जा, दुपारी तीननंतर हे गोळा करायला निघालात तर ती रात्र आतच जाते.